उशीर कुणाचा चालेल?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आमच्या चिंचवडच्या घरी जेवणं आटोपल्यावर वाद सुरू झाला, तो संध्याकाळचा चहा होऊन गेला तरी संपेना. कारण होतं तळहाताएवढा एक सर्किट बोर्ड. विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालवाहू गाडीत तो बसणार आहे आणि त्याच्यावरचा प्रोग्रॅम लिहायचं काम आमच्या मुक्ताकडे आहे. समोर तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा शरद. कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोलर प्रोग्रॅम करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण या दोघांनी कागद-पेन्सिल घेतली की आकडेमोड तपासायला मला बसवतात.

प्रश्न ऐकायला साधा आहे. बोर्डावर प्रोसेसर एक, आणि तो एका वेळी एकच काम करू शकतो. कामं मात्र पुष्कळ. मोटरला किती जोर लावायचा ते सतत ठरवायचं, बॅटरीकडून येणारे निरोप वाचायचे, तिच्या तापमानावर नजर ठेवायची, डिस्प्लेवर वेग दाखवायचा, नोंदी ठेवायच्या. प्रत्येक कामाला ठरलेली मुदत. कोणत्या क्षणी कोणतं काम हातात घ्यायचं, हे ठरवणारा नियम म्हणजे शेड्यूलिंग अल्गोरिदम. रिअल-टाइम म्हणजे जलद, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर जलद असण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. काम मुदतीच्या आत झालं की झालं. गॅसवरचं दूध उतू जायच्या आधी बंद केलं तर ते किती आधी केलं याला काही अर्थ नसतो. आणि उतू गेल्यावर बंद केलं, तर ओटा पुसावाच लागतो.

मुक्ताचं म्हणणं होतं, ज्याची डेडलाइन सगळ्यांत जवळ ते काम आधी. इंग्रजीत याला अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट म्हणतात, बोलताना नुसतं ईडीएफ. शरदचं म्हणणं, प्रत्येक टास्कला प्रायॉरिटी एकदाच नेमून द्यायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही.

मुक्ता: मामा, यात वाद घालण्यासारखं उरलंयच काय? लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ सालीच सिद्ध करून ठेवलंय. ईडीएफमध्ये प्रोसेसर शंभर टक्के भरला तरी एकही डेडलाइन चुकत नाही. तुमच्या ठरलेल्या प्रायॉरिटीत टास्कची संख्या वाढत गेली की डोळे झाकून भरवसा ठेवावा असा आकडा ६९ टक्क्यांवर येतो. उरलेले ३१ टक्के का सोडायचे? प्रोसेसर काय फुकट मिळतो?

मामा: सोडायचे कोण म्हणतंय? ६९ म्हणजे त्याच्या आत असलीस तर निर्धास्त झोप, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या वर गेलं की बुडालंच, असं त्या दोघांनी कुठेही म्हटलेलं नाही. दोनच टास्क असतील तर तो आकडा ८२.८ आहे, तीन असतील तर ७८. आणि मुदती एकमेकींच्या पटीत असतील, म्हणजे पाच, दहा, वीस, तर ठरलेल्या प्रायॉरिटीतही शंभर टक्के भरता येतो. पुढे लेहोझ्की वगैरे मंडळींनी आकडे यदृच्छया घेऊन पाहिलं, तर सरासरी ८८ टक्क्यांपर्यंत काम निभावलं. कॉलेजात ६९ तेवढा पाठ करून घेतात, बाकीचं कुणी सांगत नाही.

मुक्ता: बरं, मग माझीच दोन टास्क घ्या. वादापुरती दोनच. मोटरचं टास्क दर ५ मिलिसेकंदांनी येतं आणि २ मिलिसेकंद खातं. बॅटरीच्या निरोपांचं दर ७ मिलिसेकंदांनी येतं, ४ खातं. भार किती झाला, बाबा?

दोन भागिले पाच म्हणजे ४० टक्के. चार भागिले सात म्हणजे ५७ टक्क्यांहून किंचित जास्त. एकूण ९७.

मुक्ता: आता मामांच्या पद्धतीने चालवू. जे टास्क जास्त वेळा येतं त्याला वरची प्रायॉरिटी, म्हणजे मोटर वर. शून्यापासून दोनपर्यंत मोटर. दोनपासून पाचपर्यंत बॅटरी, तिचे तीन झाले. पाचव्या मिलिसेकंदाला मोटर पुन्हा आली, तिने बॅटरीला बाजूला केलं, सातपर्यंत मोटरच. सातला बॅटरीची डेडलाइन, आणि तिचा एक मिलिसेकंद अजून बाकी. गेली! आता ईडीएफने. पाचव्या मिलिसेकंदाला मोटरची डेडलाइन दहा आणि बॅटरीची सात. मग बॅटरी पुढे, सहाला ती मोकळी, त्यानंतर मोटर. दोघीही वेळेत. असं पस्तीस मिलिसेकंदांपर्यंत काढून बघा, एकदाही चूक होत नाही.

मी काढून पाहिलं. पस्तीसपैकी चौतीस मिलिसेकंद प्रोसेसर कामात, एक मिलिसेकंद मोकळा, आणि चूक खरोखरच एकही नाही. मुक्ताने मामाकडे पाहिलं. मामाने चष्मा काढून पुसला. आमच्या घरात ही लढाई सुरू होत असल्याची खूण आहे.

मामा: हे सात कुणी सांगितले?

मुक्ता: म्हणजे?

मामा: बॅटरीचं टास्क दर सात मिलिसेकंदांनीच का? बॅटरी बनवणाऱ्याच्या कागदात सात लिहिलंय का?

मुक्ता: जुन्या प्रोग्रॅममध्ये सातच होते.

मामा: आणि जुना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कुणी सांगितले होते?

मुक्ताने फोनमध्ये बॅटरीचं माहितीपत्रक उघडलं. दर दहा मिलिसेकंदांना एक निरोप. सात आकडा कुठून आला ते कुणालाच सांगता येईना. शरदने कागद पुढे ओढला.

मामा: आता मी माझ्या पद्धतीने काढतो, भाऊजी, तुम्ही तपासा. बॅटरीच्या टास्कला स्वतःचे चार मिलिसेकंद हवेत. चार मिलिसेकंदांत मोटर किती वेळा येईल? एकदा, तिचे दोन. झाले सहा. पण सहा मिलिसेकंदांत मोटर दोनदा येते, तिचे चार. झाले आठ. आठ मिलिसेकंदांत किती वेळा? तरीही दोनदाच. म्हणजे आठच. आकडा थांबला की उत्तर मिळालं. वाइटात वाईट वेळीही बॅटरीचं टास्क आठ मिलिसेकंदांत उरकतं. मुदत सात असेल तर चुकलं, दहा असेल तर पास. भार ८० टक्के. उरलेल्या वीस टक्क्यांत तुझा डिस्प्ले, तापमान, नोंदी. कुठाय अडचण?

चार, सहा, आठ, पुन्हा आठ. इतक्या सरळ रीतीने अंगणात येऊन उभं राहणारं उत्तर मला फार आवडलं. ही रीत मथाई जोसेफ आणि परितोष पांड्या यांनी १९८६ साली एका निबंधात मांडली. दोघांचंही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी नातं आहे, आणि जोसेफ पुढे पुण्यात टाटांच्याच संशोधन केंद्राचे प्रमुख होते. जगभर मोटारींच्या कंट्रोलरांवर काम करणारी माणसं आजही अशाच हिशेबाने टास्क तपासतात. कुलाब्याच्या समुद्रकाठच्या संस्थेतून गेलेली ही गोष्ट आमच्या अकरावी-बारावीच्या पोरांना कुणी सांगितली नाही. मीही नाही सांगितली. मला ठाऊकच नव्हती.

मुक्ता: ठीक, सात आकडा चुकीचा होता. पण मामा, तुम्ही माझा मुद्दा खोडला नाहीत, नुसतं उदाहरण खोडलंत. पुढच्या वर्षी गाडीत जीपीएस येणार, चार्जरशी बोलणं येणार. टास्क वाढणारच. आणि दुसरं, तुमच्या पद्धतीत वरची प्रायॉरिटी कुणाला? जे वारंवार येतं त्याला. डिस्प्ले दर १०० मिलिसेकंदांनी रंगवायचा आणि बॅटरीचं तापमान दर ५०० मिलिसेकंदांनी बघायचं. म्हणजे तुमच्या हिशेबात डिस्प्ले वर आणि तापमान खाली. आग तापमानामुळे लागते. डिस्प्ले थांबला म्हणून कुणी जळून मेलेलं नाही.

हा फटका बरोबर बसला. थोडं थांबून सांगतो, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. मुक्ताच्या साहेबांचीही झाली होती. त्यांनी सांगितलं होतं, ब्रेक महत्त्वाचा आहे, त्याला सगळ्यांत वरची प्रायॉरिटी द्या. शेड्यूलिंगमधली प्रायॉरिटी म्हणजे मान नव्हे. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, हा क्रम मानाचा आहे. कुणाला घाई आहे, कुणाचं पथक किती मोठं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रोसेसरवर तसा क्रम लावला, की क्वचित येणारं पण मोठं 'मानाचं' टास्क ऐन मोक्याला वाट अडवून उभं राहतं आणि मागची पाच टास्क तिष्ठत राहतात. म्हणून लिऊ-लेलँड यांचा रेट मोनोटॉनिक नियम मान बघत नाही, वारंवारता बघतो. सगळं सुरळीत असताना हा नियम उत्तम. ताण आला की मात्र त्याच नियमाने सगळ्यांत सावकाश येणारं टास्क आधी मरतं, आणि ते सगळ्यांत बिनमहत्त्वाचं असेलच असं नाही.

मामा: बरोबर बोललीस. त्यावर जुना इलाज आहे. तापमानाचं टास्क किती वेळ खातं?

मुक्ता: दहा मिलिसेकंद.

मामा: त्याचे दहा तुकडे कर, एक-एक मिलिसेकंदाचे. दर पन्नास मिलिसेकंदांनी एक तुकडा. पाचशेमध्ये पूर्ण काम होतं, पण शेड्यूलरच्या लेखी ते आता पन्नासचं टास्क आहे, डिस्प्लेच्या वर. भार तेवढाच.

मुक्ता: म्हणजे शेड्यूलरला फसवायचं.

मामा: खोटं नाही बोलायचं, त्याला समजेल त्या भाषेत सांगायचं.

मुक्ता: पण टास्क कापून तुकड्यांत लिहायचं म्हणजे कुठे थांबलो, काय राहिलं, सगळं हाताने लक्षात ठेवायचं. चूक तिथेच होते. तुम्हीच सांगायचात ना, तुमच्या पहिल्या नोकरीत सगळं वेळापत्रक हाताने लिहायचे म्हणून?

शरदची पहिली नोकरी एका कापड कारखान्याला लागणारी यंत्रं बनवणाऱ्यांकडे होती. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम अशी नव्हतीच. एक मोठं चक्र, त्यात छोटी छोटी घरं, प्रत्येक घरात कोणतं काम करायचं हे वहीत लिहिलेलं. याला सायक्लिक एक्झिक्युटिव्ह म्हणतात. शरद त्याबद्दल आजही पहिल्या प्रेमाबद्दल बोलावं तसा बोलतो. कोणत्या मिलिसेकंदाला काय चाललंय ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, म्हणतो. पण एक काम दोन मिलिसेकंदांनी लांबलं, की पुढचा सगळा तक्ता नव्याने बसवायचा. विमानांत ही कल्पना अजून जिवंत आहे. एआरआयएनसी ६५३ या मानकात प्रत्येक प्रोग्रॅमला वेळेची ठरलेली खिडकी मिळते, आणि एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याच्या खिडकीत त्याला पाऊल टाकता येत नाही.

मामा: हो, सायक्लिक एक्झिक्युटिव्ह मी परत नको म्हणेन. पण त्याने एक गोष्ट शिकवली. मुदत चुकण्याच्या दिवशी काय होणार, हे आधी सांगता आलं पाहिजे. तुझं ईडीएफ भार शंभर टक्क्यांच्या आत असेपर्यंत राजासारखं चालतं. एकशे दोन झाला, मग? एक टास्क लांबलं, त्याची डेडलाइन उलटून गेली. उलटून गेलेली डेडलाइन म्हणजे सगळ्यांत जवळची डेडलाइन! म्हणजे शेड्यूलर त्यालाच पुढे करणार. त्यामुळे दुसऱ्याची चुकणार, मग तोही घाईत, मग तिसऱ्याची. पत्त्यांची रांग. आणि पहिला कोण पडणार, हे आधी सांगता येत नाही. माझ्या पद्धतीत मला ठाऊक असतं, पडला तर सगळ्यांत खालचा पडणार.

मुक्ता: तुमच्या पद्धतीतही, मामा, मधलंच एखादं टास्क जास्त वेळ खाऊ लागलं तर त्याच्या खालचे सगळे पडतात, नुसता शेवटचा नाही. आणि भार कायमचाच वाढला तर? तुमच्याकडे सगळ्यांत खालचा उपाशी मरतो, त्याला एकही घास मिळत नाही. ईडीएफमध्ये सगळेच थोडे थोडे सावकाश होतात, जणू सगळ्यांच्या मुदती एकाच प्रमाणात ताणल्या. गाडी चालवणाऱ्याला कोणतं परवडेल?

मामा: मोटर सावकाश झालेली? गाडी चालवणाऱ्याला विचार.

इथे शरदने अपोलो काढला. तो दर वेळी काढतो. २० जुलै १९६९, अपोलोचं यान चंद्रावर उतरत असताना कॉम्प्युटरने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. अर्थ असा, की कामं इतकी झालीत की नव्या कामाला जागा उरलेली नाही. एका रडारच्या स्विचच्या स्थितीमुळे प्रोसेसरचा काही वेळ फुकट खर्च होत होता. एमआयटीच्या हॅल लॅनिंग यांनी त्या कॉम्प्युटरचा शेड्यूलर बनवला होता आणि कामांना प्रायॉरिटी दिलेल्या होत्या. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, महत्त्वाची कामं जिथे होती तिथून उचलली, बिनमहत्त्वाची गाळली. यान उतरलं.

मुक्ता: मामा, ही गोष्ट तुम्ही नेहमी अर्धीच सांगता. जागा अडवून बसलं होतं ते बिनमहत्त्वाचं काम नव्हतं. दर दोन सेकंदांनी येणारं उतरण्याचं मुख्य काम आधीची फेरी संपायच्या आतच पुन्हा येत होतं, म्हणून जागा भरली. एकट्या प्रायॉरिटीने काही वाचलं नाही. कॉम्प्युटर कुठल्याही क्षणी थांबवून पुन्हा सुरू केला तरी काम बिघडणार नाही, अशी जी तजवीज आधी केलेली होती, तिने वाचवलं.

मामा काही बोलला नाही. मी म्हणेन, मुक्ता बरोबर होती. पण पुढची गोष्ट मामाने काढली, आणि तिथे दोघांचंही एकमत झालं.

४ जुलै १९९७ ला मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट होऊ लागला. रीसेट झाला की त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर. त्यात व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, ठरलेल्या प्रायॉरिटीची. काय घडत होतं ते आपल्या एखाद्या सरकारी कार्यालयात सहज सापडेल. कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. साहेबांना कपाटातली फाइल हवी आहे, म्हणून ते थांबलेत. तेवढ्यात हेडक्लार्क शिपायाला चहा आणायला पाठवतो, चहा आला की दुसरा क्लार्क झेरॉक्सला. क्लार्क शिपायाच्या वरचा, त्यामुळे शिपाई नाही म्हणू शकत नाही. क्लार्कला साहेब किल्लीसाठी थांबलेत हे ठाऊक नाही. परिणाम असा, की सगळ्यांत मोठा माणूस मधल्यांच्या चहापायी खोळंबतो. पाथफाइंडरवर शिपाई होता हवामानाच्या नोंदी करणारा टास्क, साहेब होता माहितीच्या बसची देवाणघेवाण सांभाळणारा टास्क, आणि साहेबांचं काम वेळेत झालं नाही म्हणून पहारेकरी आख्खं कार्यालयच बंद करून उघडत होता. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

मामा: इलाज १९९० मध्येच छापून आला होता. शा, राजकुमार, लेहोझ्की. किल्ली हातात असेपर्यंत शिपायाला साहेबाचा दर्जा द्यायचा. मग हेडक्लार्कची हिंमत होत नाही चहा सांगायची. किल्ली परत दिली की तो पुन्हा शिपाई. व्हीएक्सवर्क्समध्ये हे होतं, पण त्या किल्लीसाठी ते चालू केलेलं नव्हतं.

मुक्ता: आणि पृथ्वीवरून एक बदल पाठवून ते चालू केलं. सगळ्यांत वाईट म्हणजे उड्डाणाआधीच्या चाचण्यांत तो रीसेट एक-दोनदा दिसला होता, पण पुन्हा घडवून आणता आला नाही. मामा, हे शेड्यूलिंग अल्गोरिदमवर अवलंबून नाही. ईडीएफ लावला असता तरी किल्लीचा घोळ झालाच असता.

मामा: तेच तर म्हणतोय. दुपारपासून आपण अल्गोरिदमवर भांडतोय, आणि मंगळावर यान रीसेट झालं ते एका किल्लीवरून. तुझ्या बोर्डावर किल्ल्या किती?

मुक्ताने मोजल्या. सात. त्यांतल्या दोन बायनरी सेमाफोर होत्या, म्युटेक्स नव्हत्या. तिच्या बोर्डावरच्या फ्रीआरटॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रायॉरिटीचा वारसा, म्हणजे साहेबाचा तो दर्जा, म्युटेक्सला मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही. तिने वहीत दोन खुणा केल्या. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यांत उपयोगी काम तेच झालं.

चहा आला. मग मुक्ताने ठेवणीतला मुद्दा काढला.

मुक्ता: तुमची पत्त्यांच्या रांगेची भीती जुनी आहे, मामा. अबेनी आणि बुत्ताझ्झो यांनी १९९८ मध्ये त्यावर तोड काढली. प्रत्येक टास्कला वेळेचा वाटा ठरवून द्यायचा. वाटा संपला आणि काम उरलं, तर त्याचीच डेडलाइन पुढे ढकलायची, दुसऱ्याच्या ताटाला हात लावू द्यायचा नाही. २०१४ पासून लिनक्समध्ये हे आहे. टास्क घेतानाच हिशेब होतो, बसत नसेल तर लिनक्स दारातच नाही म्हणतं. याला तुम्ही बेभरवशाचं म्हणणार?

मामा: नाही म्हणणार. लिनक्सवर असतीस तर मी आत्ता तुझ्या बाजूने बोललो असतो. पण तुझ्या बोर्डावर लिनक्स मावतं का? तुझ्याकडे छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. फ्रीआरटॉसमध्ये ईडीएफ नाही. तू लिहिशील, मला शंका नाही. पण मग तो शेड्यूलर तपासणार कोण? आणि तू नोकरी बदललीस की सांभाळणार कोण? मोटारींच्या सॉफ्टवेअरचं ऑटोसार हे मानक वापरणारे सगळे ठरलेल्या प्रायॉरिटीवर चालतात. सुरक्षेची तपासणी करणारा माणूस चार, सहा, आठ, पुन्हा आठ हे कागदावर बघून सही करतो. ईडीएफमध्ये वाइटात वाईट वेळ काढायची तर सगळे एकदम आले तोच क्षण वाईट, असंही धरता येत नाही. ते गणित हातावर होत नाही.

मुक्ता: झेफिर या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे, ती छोट्या बोर्डावरही चालते. ठरलेल्या प्रायॉरिटीत एकाच पायरीवर उभे असलेले टास्क आपसांत डेडलाइनने लावता येतात.

मामा गप्प झाला. बराच वेळ. मग म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं."

शरदच्या तोंडून हे वाक्य मी तीसेक वर्षांत दोनदा ऐकलं असेल.

त्यानंतर वाद उरला नाही, झेफिरवरची मांडामांड उरली. मोटर, बॅटरीचे निरोप आणि तुकड्यांत कापलेलं तापमान यांना वरच्या तीन ठरलेल्या पायऱ्या. खालच्या एकाच पायरीवर डिस्प्ले, नोंदी आणि पुढे येणारं जीपीएस, तिघे आपसांत डेडलाइनने. तिथे पत्त्यांची रांग कोसळली तरी तिचा धक्का वर जात नाही. बोर्डावर एकच कोअर आहे म्हणून हे इतक्यावर निभावलं. दोन कोअर असते, तर गोष्ट वेगळी होती. ढाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलंय, की प्रोसेसर कितीही असले तरी एकूण भार एका प्रोसेसरच्या क्षमतेहून किंचित जास्त असतानाही, या दोन्ही नियमांनी डेडलाइन चुकू शकते. तो विषय दुसऱ्या रविवारी काढायचं ठरलं.

मामा: आता शेवटचं विचारतो. चार मिलिसेकंद, दोन मिलिसेकंद, हे आकडे कुठून आणलेस?

मुक्ता: टास्क सुरू होताना एक पिन वर, संपताना खाली. ऑसिलोस्कोपवर बघितलं. दहा हजार फेऱ्यांत जास्तीत जास्त तीनच्या थोडं वर, त्यावर राखीव धरून चार.

मामा: गाडी चढावर, बॅटरी गरम आणि चार्जरचे निरोप एकदम येत असताना बघितलंस?

मुक्ता: नाही.

मामा: मग ते मोजमाप नाही, तो अंदाज आहे. आणि अंदाज चुकला तर कोण मागे पडणार, हे तुला ठरवून ठेवावं लागेल. तू नाही ठरवायचं. साहेबांनी.

मला विचाराल तर गणितात मुक्ता बरोबर होती आणि बोर्डाच्या बाबतीत शरद. लिऊ-लेलँड यांच्या निबंधातली टास्क एकमेकांच्या किल्ल्यांवर अडकत नाहीत आणि त्यांना लागणारा वेळ आधीपासून पक्का ठाऊक असतो. चिंचवडच्या बोर्डावर यांतलं काहीच पक्कं नाही. जिथे वेळेचा अंदाज चुकणार हे धरून चालायचं आहे, तिथे चुकल्यावर कोण पडेल हे आधी सांगणारी पद्धत घ्यावी, मग प्रोसेसरचा काही भाग मोकळा राहिला तरी चालेल. हे माझं मत. मुक्ताला ते आजही पूर्ण मान्य नाही.

सोमवारी मुक्ताने ऑफिसात एक तक्ता नेला. पहिल्या रकान्यात टास्कचं नाव, दुसऱ्यात किती मिलिसेकंदांनी येतं, तिसऱ्यात किती वेळ खातं, चौथ्यात वाइटात वाईट उत्तर, आणि पाचव्यात एकच प्रश्न: याला उशीर झाला तर चालेल का, चालेल तर किती? पहिले चार रकाने तिने एका संध्याकाळी भरले. पाचवा साहेबांनी भरायचा होता. त्यांनी तो सुरक्षेच्या विभागाकडे पाठवला, त्यांनी गाडीच्या डिझाइनवाल्यांकडे, त्यांनी परत मुक्ताकडे. शेड्यूलर ठरून आता तीन महिने झाले. पाचवा रकाना अजून रिकामा आहे.